पुस्तकांतली आई आणि पडद्यावरची आई

गाजलेल्या पुस्तकावर बोलपट निघाला म्हणजे तो मुळाला धरून आहे कीं नाहीं, असा वाद घरोघर सुरू होतो. हा वाद बहुधा प्रसंगांच्या मोजदादीनें मिटविला जातो. अमुक घेतलें, तमुक गाळलें, एवढ्यावर निकाल लागतो. आमच्या मतें खरा फरक पडतो तो निराळ्याच ठिकाणीं. गोष्ट कोण सांगतो आणि ती कोणास सांगतो, हें पडद्यावर येतांच बदलून जातें. आपणां सर्वांच्या परिचयाचें याचें उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’.

या पुस्तकास कादंबरी म्हणावें कीं आत्मकथा, यावर विद्वानांनीं खुशाल भांडावें; घराघरांतून तें कादंबरीसारखेंच वाचलें गेलें. गुरुजींनीं तें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या ५ दिवसांत लिहिलें आणि १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्याची मांडणी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आश्रमांतलीं दिवसाचीं कामें आटोपल्यावर मित्रमंडळी जमते आणि वयानें वाढलेला श्याम आईच्या आठवणी सांगूं लागतो. अशा एकंदर ४२ रात्री. आई वाचकासमोर थेट कधींच येत नाहीं. ती येते ती तिचें मोल उशिरा कळलेल्या मुलाच्या तोंडून. तिच्या अखेरच्या आजारांत तो जवळ नव्हता. घरीं पोहोंचला तेव्हां ती गेलेली होती. हें शल्य पहिल्या रात्रीपासून त्याच्या बोलण्यांत आहे, म्हणूनच साधी ताकभाताची गोष्टही त्याच्या तोंडून ऐकतांना गलबलून येतें.

आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं या पुस्तकावर बोलपट काढला. गुरुजी १९५० सालींच निवर्तले होते. तो पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. उत्कृष्ट चित्रपटासाठीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक १९५४ सालीं प्रथमच देण्यांत आलें, तें या मराठी चित्रास. आईची भूमिका वनमालाबाईंनीं केली व माधव वझे श्याम झाला. ‘सिकंदर’ या १९४१ च्या हिंदी चित्राची नायिका, ग्वाल्हेरची रूपसंपन्न नटी, कोंकणांतल्या ओढगस्तीच्या घरांत शोभेल काय, अशी शंका कोणासही यावी; बाईंनीं ती पार फेडून टाकली.

परंतु पडद्याची म्हणून एक अडचण असते. तेथें जें दिसतें तेंच घडतें. पाण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या श्यामला शिंपटीचे फटके देऊन आई पोहावयास धाडते, किंवा न्हाल्यावर त्याच्या पायांस माती लागूं नये म्हणून आपला ओला पदर धोंडीवर पसरते. हे प्रसंग जणूं छायाचित्रकारासाठींच लिहिलेले आहेत. आतां अळणी भाजीचा प्रसंग घ्या. रताळ्याच्या पाल्याच्या भाजींत आई मीठ घालावयास विसरली. वडील मुकाट्यानें जेवले, पोरेंही जेवलीं. आई स्वतः पानावर बसली तेव्हां तिला कळलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं, हाच त्यांतला सारा प्रसंग! भाजींत मीठ नाहीं हें दिग्दर्शकानें दाखवावें कसें? कोणाचें तोंड वांकडें झालें तर गोष्ट बिघडली, आणि न झालें तर प्रेक्षकास उमगत नाहीं. सांगणाऱ्या श्यामला मात्र दोन वाक्यें पुरतात.

गाण्यांची कथा आणखी मौजेची आहे. वसंत देसाई यांच्या संगीतांत आशाबाई भोसले यांनीं गायिलेलें, द्रौपदीनें कृष्णाच्या बोटासाठीं पीतांबर फाडल्याचें गाणें पुस्तक न उघडलेल्या माणसांसही मुखोद्गत आहे. शाळेंतल्या छडीचें गाणें तर त्याहूनही लोकप्रिय झालें. ज्या पुस्तकांत आईचा हात फार क्वचित् उठतो आणि उठला तरी मागाहून तीच कळवळते, त्याच्या नांवावर छडीचें गाणें जमा व्हावें, याला काय म्हणावें? (पोरें तें गाणें मास्तरांची टर उडविण्यासाठींच म्हणतात, ही गोष्ट निराळी.)

पडद्यानें आईला सांगणाऱ्याच्या आठवणींतून उचललें आणि समोर उभें केलें. समोर उभी राहिली कीं ती आदर्श होते, आणि आदर्शाचें माप दुसऱ्यास लावण्याचा मोह आवरत नाहीं. दिवसभर कचेरींत राबून आलेली सून मुलावर ओरडली कीं ‘श्यामची आई अशी नव्हती’ असें माजघरांतून ऐकूं येतें. अशी नव्हती? वसुलीस आलेला सावकाराचा माणूस तोंड सोडूं लागला तेव्हां बाहेर येऊन त्याला खडसावणारी बाई पुस्तकांत आहे. कर्जानें, आजारानें आणि अपमानानें ती गांजलेली आहे, चिडते, रडते. ती निर्दोष होती असा श्यामचा दावा नाहीं. आपण तिला पुरेसें ओळखलें नाहीं, एवढेंच तो सांगतो. वरील टोमणा मारणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं पुस्तक अखेरपर्यंत वाचलें असेल, याविषयीं आम्हांस दाट शंका आहे.

२०२३ सालीं सुजय डहाके यांनीं याच पुस्तकावर नवा चित्रपट केला, तोही रंगीत चित्रांच्या जमान्यांत कृष्णधवल. त्यांत ओम भूतकर यांनीं प्रौढ साने गुरुजींची भूमिका केली आहे. आईइतकेंच तिची आठवण काढणाऱ्या मुलालाही पडद्यावर स्थान मिळालें, ही योजना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जुन्या चित्राचा गोडवा त्यांत शोधणाऱ्यांनीं आधीं पुस्तकाची मांडणी आठवावी.

दोन्ही चित्रें मुलांस अवश्य दाखवावीं. मात्र त्याआधीं घरांतल्या वडील माणसानें पुस्तक मोठ्यानें वाचून दाखवावें. कर्जाचें प्रकरण लहानांसमोर नको म्हणून गाळूं नये. एका संध्याकाळीं एकच रात्र वाचली तर सुमारें दीड महिना लागतो. चातुर्मासांत तें सहज बसतें.