१ जानेवारीला गाडी कुठे उभी करावी?

डिसेंबर महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रवासांची तयारी सुरू होते. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जायचे आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास मानवंदना द्यायची. चैत्यभूमीला जाणारे आपले बहुसंख्य बांधव रेल्वेने जातात. विजयस्तंभाजवळ मात्र रेल्वे नाही. पुणे-नगर रस्त्यावर, हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत, भीमा नदीच्या काठी हा स्तंभ उभा आहे. नदी ओलांडली की शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा लागते. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला रस्त्यानेच जावे लागते, आणि लाखोंचा समुदाय एकाच दिवशी जातो. म्हणून कासुर्डी, यवत, केडगाव, न्हावरे, शिरूर या भागातील आपल्या घरांत दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : गाडी कुठे लावायची?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु घरातील म्हाताऱ्या माणसांना किती चालावे लागेल, लेकरे गर्दीत चुकतील की काय, रात्री परत सुखरूप येऊ की नाही, हे सारे त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे. त्याचा विचार ३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर न करता आधी घरात बसून करावा, एवढ्यासाठी हा लेख.

चालत आलेल्यांचा इतिहास

ज्या सैनिकांच्या स्मृतीस आपण वंदन करतो, ते तेथे चालत आले होते. कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली. रात्रभर पंचवीस मैलांहून अधिक मजल मारून ती १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कोरेगावजवळ पोहोचली, आणि विश्रांती न घेता दिवसभर लढली. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. धारातीर्थी पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले आणि विस्मृतीत गेलेला हा इतिहास समाजापुढे नव्याने उभा राहिला. त्या भेटीची शंभर वर्षे १ जानेवारी २०२७ ला पूर्ण होतात.

वाहनाचा प्रश्न बाबासाहेबांच्या आयुष्यातही आला होता, तो फार कडवट रूपाने. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरले. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर बैलगाडी मिळाली. १९२९ मध्ये चाळीसगावला तर बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना न्यायला टांगेवाला राजी झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला सराव नसलेला आपलाच माणूस बसला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

आज त्याच समाजाच्या दारात मोटारसायकल आहे, अनेकांकडे चारचाकी आहे, मागच्या काचेवर अभिमानाने 'जय भीम' लिहिलेले आहे. ही प्रगती शिक्षणाने आणि संघटनेने मिळाली. गाडीचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र अभिमानाबरोबर हिशेबही आला पाहिजे.

एका गुंठ्यात आठ गाड्या

हिशेब सोपा आहे. एक चारचाकी उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आठ गाड्यांना शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ही झाली नुसती उभे राहण्याची जागा. आत येण्या-जाण्याची वाट धरली तर ती दुपटीच्या घरात जाते. म्हणजे एका एकरात फार तर दीडशे-एकशेसाठ गाड्या. दहा हजार गाड्या यायच्या म्हटल्या तर साठ एकरांहून अधिक रान मोकळे हवे. एवढी जागा स्तंभाच्या दारात कोणी आणायची?

याउलट चाळीस माणसे एका एस.टी. बसमध्ये बसतात. ती बस उभी राहायला गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा पुरते. तीच चाळीस माणसे पाच-पाच जणांनी आठ गाड्यांतून गेली तर गुंठाभर जागा अडते, आठ ठिकाणी डिझेल-पेट्रोल जळते आणि आठ चालकांचे निम्मे लक्ष गाडीकडेच राहते. वस्तीतील चाळीस माणसांनी मिळून एस.टी. महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घेतली तर खर्च वाटला जातो आणि प्रवासही एकत्र होतो. आगारात आगाऊ अर्ज करावा लागतो, म्हणून ही बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्यावी. नेहमीच्या एस.टी.ने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

२०१८ ने शिकवलेले

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, मानवंदनेसाठी आलेल्या आपल्या बांधवांवर दगडफेक झाली, वाहने फोडली गेली, जाळली गेली. त्या दिवशीच्या हिंसाचारात एका तरुणाचा मृत्यू झाला. तो कोणाच्याही घरचा असो, एका आईचा मुलगा गेला. रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी किती असुरक्षित असते, हे त्या दिवशी आपल्याला कळले. गाडी गेली की बाया-मुले परक्या ठिकाणी अडकतात, हेही कळले.

त्यानंतरच्या वर्षांत बंदोबस्त वाढला. ३१ डिसेंबरच्या दुपार-संध्याकाळपासून पुणे-नगर रस्त्यावरील इतर वाहतूक वळवली जाते. लोणीकंद, तुळापूर फाटा, पेरणे या बाजूस आणि नदीपलीकडे शिक्रापूर-कोरेगावच्या बाजूस वाहनतळ केले जातात. गाडी तेथे लावायची आणि पीएमपीच्या बसने स्तंभाकडे जायचे, अशी व्यवस्था असते. पुष्कळांना याचा राग येतो. "आम्हाला इतक्या लांब का अडवता?" असे पोलिसांशी भांडणारे दिसतात. पाण्याची, शौचालयाची, बसची सोय अपुरी असेल तर भांडलेच पाहिजे. तो आपला हक्क आहे. पण गाडी लांब उभी राहिल्यामुळे स्तंभाजवळची वाट रुग्णवाहिकेला मोकळी राहते, हेही समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागातून वाट कोणती?

दौंड-शिरूरकरांसाठी मुख्य मुद्दा हा, की नदीच्या कोणत्या बाजूने जायचे ते घरातूनच ठरवून निघावे.

कासुर्डी, यवत, उरुळी कांचनकडच्यांना सोलापूर रस्त्याने थेऊर फाटा, तेथून थेऊर, केसनंदमार्गे लोणीकंदकडे जाणे सोयीचे. ही पेरण्याची, म्हणजे स्तंभाचीच बाजू. चौफुला, केडगाव, न्हावरे, शिरूरकडचे लोक नगर रस्त्याला लागून शिक्रापूरवरून आले तर ते नदीच्या पलीकडच्या बाजूस पोहोचतात आणि त्यांना पूल ओलांडून यावे लागते. त्या दिवशी पुण्याहून नगरकडे जाणारी वाहने हडपसरवरून सोलापूर रस्त्याने, केडगाव चौफुला-न्हावरे-शिरूर अशी वळवली जातात. म्हणजे नगर रस्त्याची सारी वर्दळ त्या दिवशी आपल्याच गावांवरून जाते. एरवीपेक्षा दीड-दोन तास जादा हाताशी ठेवूनच निघावे. वाहनतळांची त्या वर्षीची यादी पोलीस आणि जिल्हा प्रशासन आधी वर्तमानपत्रांतून जाहीर करतात. ती कापून प्रत्येक विहाराच्या फलकावर लावणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या दोन गाड्या निघाल्या होत्या. एक लोणीकंदकडे थांबली, दुसरी शिक्रापूरच्या बाजूस. आजी एका गाडीतून आली आणि गर्दीत दुसऱ्या गाडीवाल्यांबरोबर चालू लागली. मोबाईल कोणाचाच लागेना. रात्री नऊ वाजता ती पोलिसांच्या मदत केंद्रावर बसलेली सापडली. तिच्याजवळ ना गोळ्या होत्या ना कोणाचा नंबर. सुखरूप मिळाली हे भाग्य.

घरच्यांनी एवढे करावे

गाडी लावताच वाहनतळाच्या पाटीचे नाव सर्वांनी मोठ्याने म्हणून पाठ करावे. मुलांच्या खिशात आणि वृद्धांच्या पिशवीत नाव, गाव, दोन मोबाईल नंबर आणि वाहनतळाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. गर्दीत मोबाईलचे नेटवर्क जाते, तेव्हा कागदच उपयोगी पडतो. चुकामूक झाली तर किती वाजता कुठे भेटायचे, हे आधीच ठरवावे. भाकरी-चटणी, पाणी, पहाटेच्या थंडीसाठी शाल आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या गाडीत न ठेवता जवळच्या पिशवीत घ्याव्यात, कारण गाडी तीन-चार किलोमीटर मागे राहिलेली असते. बाळंतीण, तान्ही मुले आणि ज्यांना चालवत नाही अशा वडीलधाऱ्यांना दुसऱ्या एखाद्या दिवशी न्यावे. स्तंभ वर्षभर तेथेच आहे. इतर दिवशी त्यांना तेथे शांतपणे बसता येईल आणि नातवंडांना नावे वाचून दाखवता येतील.

वाहनतळ म्हणून मिळालेले रान कोणातरी शेतकऱ्याचे असते. शेजारी ज्वारी-हरभरा उभा असतो. त्यात गाडी घालू नये, कागद-बाटल्या टाकू नयेत. २०१८ नंतर तेथील ग्रामस्थांनी येणाऱ्यांचे पाणी आणि फुले देऊन स्वागत केले, ही गोष्ट लहान नाही. पंचशील पाळणारा माणूस दुसऱ्याच्या रानात कसा वागतो, त्यावरून धम्माची पारख होते.

टेम्पो आणि विमा

अजूनही काही वस्त्यांतून मालवाहू टेम्पो, ट्रकमध्ये माणसे भरून नेली जातात. स्वस्त पडते म्हणून. पण अपघात झाल्यास काय? मालवाहू वाहनातून फुकट वा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या निकालात घेतली आहे. मग जखमीच्या घरच्यांना गरीब टेम्पोवाल्याच्या मागे कोर्टात हिंडावे लागते. चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी कुटुंबाचा आधार पणाला लावू नये.

स्वतःच्या गाडीचा विमाही काढून पाहावा. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसा मिळत नाही. गाडीच्या नुकसानीचाही समावेश असलेला पूर्ण विमा असेल तर आग, दंगल, चोरी यांची भरपाई मागता येते. हप्ते भरून घेतलेली गाडी एका दिवसात जाऊ शकते, हे २०१८ ने दाखवले आहे.

दीक्षाभूमीने दिलेले उत्तर

वाहनतळाच्या प्रश्नाची दुसरी बाजू नागपूरला दिसली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्म स्वीकारला, त्या दीक्षाभूमीच्या विकासकामात भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोहोचेल, अनुयायांच्या मोकळ्या मैदानावर गदा येईल, अशी भीती लोकांना वाटली. १ जुलै २०२४ रोजी हजारो अनुयायी जमले, संतप्त जमावाने बांधकाम साहित्याची मोडतोड केली आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती देत असल्याचे शासनाने विधानसभेत जाहीर केले. वस्तूंची जाळपोळ-मोडतोड हा आपला मार्ग नव्हे. परंतु लोकांचे म्हणणे खोटे नव्हते. पवित्र भूमीवर पहिला हक्क चालत येणाऱ्या माणसाचा आहे, गाडीचा नंतर. धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो लोक ज्या मैदानावर पथारी टाकून झोपतात, ते मैदान गाड्यांसाठी कमी करता येत नाही.

हाच न्याय विजयस्तंभाला लावा. गाडी लांब राहिली म्हणजे आपला अपमान झाला असे नाही. स्तंभापर्यंतची शेवटची वाट मंत्री, साहेब, शेतमजूर, सफाई कामगार, सगळ्यांनी पायीच चालायची. शासनाकडे मागायचे ते हे : पुरेशा बस, माता-भगिनींसाठी स्वच्छ शौचालये, पिण्याचे पाणी, अपंगांसाठी जवळपर्यंत वाहन आणि परतीच्या वाटेवर रात्री उजेड. यासाठी प्रत्येक तालुक्यातून नोव्हेंबरमध्येच लेखी निवेदन जावे, त्याची पोच घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. तोंडी तक्रारीला कोणी उत्तर देत नाही.

तेव्हा समाजबांधवांनो, यंदा विहारात एक संध्याकाळ या कामासाठी ठेवा. कोण बसने येणार, कोणाची गाडी भरलेली, कोणत्या घरातील आजी-आजोबा येणार, याची यादी एका वहीत लिहा. वही एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती द्या. ती नेमके काम करील.

जय भीम!