वंशवृक्ष, व्हॉट्सॲप ग्रुप आणि डेटा गोळा करायचे धडे

पीएचडीला आल्यावर रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर मी दिला आणि पासही झाले. पण माणसांकडून माहिती कशी मिळवायची, हे मला कळलं ते घरचा वंशवृक्ष ऑनलाइन करायला घेतल्यावर. तुमच्यापैकी कुणी पुढे सर्व्हे किंवा मुलाखती करणार असेल, तर हा अनुभव उपयोगी पडेल.

मागच्या दिवाळीत मी एक गूगल शीट बनवली. १४ रकाने: नाव, जन्मतारीख, गाव, माहेर, सगळं. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये ४१ जण. भरपूर अंगठे आले, 'छान उपक्रम' आलं आणि आठवड्याभरात दोन ओळी भरल्या गेल्या. त्यातली एक बाबांची, तीही मी शेजारी बसून भरून घेतलेली.

कोरा फॉर्म कुणी भरत नाही

नातेवाइकांना माहिती नव्हती असं नाही. पण १४ कोरे रकाने बघितले की माणूस 'नंतर बघू' म्हणतो. मग मी पद्धत बदलली. आजोबांच्या भावंडांची शाखा कागदावर काढली, फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "यात चुका असतील, सांगा." तासाभरात तीन फोन! "अगं, थोरले कोण ते तरी नीट लिही!" कोरी जागा भरायला लोक कंटाळतात, पण चूक दिसली की गप्प बसवत नाही. संशोधनातही अर्धवट मसुदा दाखवून बोलतं करणं कामी येतं. फक्त एक धोका लक्षात ठेवा: तुम्ही लिहिलेलं चुकीचं कुणी दुरुस्त केलं नाही, तर तेच खरं ठरतं.

सगळ्यांनी साइटवर अकाउंट काढावं हा हट्टही सोडला. आता आम्ही तिघी बहिणी नोंदी करतो, बाकीचे व्हॉइस नोट पाठवतात. एका वेळी एका माणसाला एकच प्रश्न.

तारीख विचारू नका, प्रसंग विचारा

बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६६ आहे. त्यांच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी कशी? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, म्हणून. छापील कागद म्हणजे अचूक माहिती, असं समजू नका.

आमचं गाव पाटणजवळ. आत्याआजी, म्हणजे आजोबांची बहीण, म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझा बाप रांगत होता." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे जन्म १९६७ च्या पूर्वार्धातला असण्याची शक्यता जास्त. लोकसंख्याशास्त्रात ही रीतसर पद्धत आहे: स्थानिक घटनांची यादी करायची आणि जन्म त्या घटनेच्या आधीचा की नंतरचा, हे विचारायचं. आम्ही भूकंप आणि ७२ चा दुष्काळ या दोन खुणांवर बरीच सालं लावली. प्रत्येकापुढे 'सुमारे' लिहिलं.

अर्धं झाड

शीट भरत आल्यावर लक्षात आलं की आत्यांच्या मुलांच्या जागा रिकाम्या आहेत. कारण सोपं होतं: ग्रुपच आमच्या आडनावाचा होता. जुन्या कुलवृत्तांतांची मांडणीही बहुतेक पुरुषांच्या वंशाची. लग्न झालेली मुलगी तिथे थांबते आणि सून येते ती सासरच्या नावाने. याला सॅम्पलिंग बायस म्हणतात. जिथे विचारलं, तिथलीच माणसं दिसली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे पटकन पटेल. जनुकशास्त्रात पेडिग्री काढताना पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ असतं आणि दोन्ही बाजू लागतात. सिकल सेलसारखा आजार मुलाला होतो तो दोन्ही पालकांकडून दोषयुक्त जनुक आला तर. आईची बाजू गाळून तो समजणारच नाही. आणि मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल, तर एकच पणजोबा दोन वाटांनी येतात. तिथे झाडाचं जाळं होतं.

मी पुसलेली ओळ

आता माझी चूक. शीटमध्ये एकच नाव दोनदा होतं. आई-वडील तेच, फक्त जन्मसाल एका ठिकाणी १९४९, दुसरीकडे १९५२. एक ओळ सांगलीच्या काकूंनी भरलेली, एक मी. मला वाटलं, सालाचा घोळ आहे. डुप्लिकेट म्हणून १९४९ ची ओळ उडवली. डेटा क्लीनिंग!

नवीन झाड बघून आत्याआजीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "पहिली कुठं गेली गं? ती दीड वर्षाची होऊन गेली. मग मी झाले, तर आईनं तिचंच नाव मला ठेवलं." ती थोडं थांबली. "तिचा फोटो नाही, काही नाही. तेवढी ओळ होती."

मी माफी मागितली आणि ओळ परत घातली. तिला विचारूनच 'दीड वर्षाची असताना मृत्यू' असं लिहिलं. ती नोंद सगळ्यांना दिसलेली चालेल का, हेही विचारलं. "दिसू दे," म्हणाली.

त्यानंतर आम्ही चार नियम केले:

१. प्रत्येक नोंदीपुढे 'कोणी सांगितलं' आणि 'कधी' हे रकाने.
२. दोन माहित्या जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवायच्या. भरणाऱ्याला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही.
३. जिवंत माणसाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करायची नाही. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख बँकासुद्धा ओळख पटवायला विचारतात.
४. दर महिन्याला जेडकॉम फाइल उतरवून ठेवायची. वंशावळीचा हा फॉरमॅट १९८४ पासून आहे आणि बहुतेक साइट्सवर चालतो. साइट बंद पडली तरी झाड राहतं.

हेच चार नियम मी आता प्रयोगशाळेतल्या डेटालाही लावते. विचित्र रीडिंग दिसलं की आधी वही उघडते, ते कोणी आणि कधी घेतलं ते बघते. डिलीटचं बटण त्यानंतर.

पीएचडी सुरू व्हायला वेळ असेल, तर या सुट्टीत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि त्यांच्या आजीचं माहेर कुठलं, एवढंच विचारा. उत्तर मिळालं की कोणी सांगितलं आणि तारीख, दोन्ही लिहून ठेवा.