‘बघू’ म्हणजे नेमके काय?

परदेशी ग्राहकाला माल विकताना भाषेपेक्षा नकार ओळखणे अवघड जाते. आपले ‘बघू, कळवतो’ आणि जपानी माणसाचे ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हे बहुधा सभ्य नकारच. मराठी विक्रेत्याला ते उमगायला हरकत नाही. जर्मन ग्राहक मात्र ‘नाही’ तोंडावर सांगतो. त्यात राग नसतो. सभ्यतेच्या रीतीही वेगळ्या: जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेऊन आधी वाचतात, लगेच खिशात कोंबत नाहीत. हे सगळे ओळखायचे तर समोरच्याचे नीट ऐकून घ्यावे लागते. ती सवय लावणारे एक जुने ठिकाण पाचगणीत आहे: महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये सुरू झालेले ‘एशिया प्लॅटो’. तेथे कंपन्यांतले अधिकारी आणि कामगार एकत्र शिबिराला बसतात, शांतपणे वहीत मनातले लिहितात आणि जेवणानंतर भांडीही घासतात.