डबल बेल नसलेलं जहाज

एसटी स्टँडवरचं हे दृश्य महाराष्ट्रात कुणी पाहिलं नाही असं होणार नाही. गाडी सुटायची वेळ झालेली असते आणि खिडकीतून कुणीतरी हाक मारतं, "मास्तर, एक मिनिट थांबा, आमची आजी येतेय!" कंडक्टर करवादतो, पण दोरीवरचा हात खाली घेतो. आजी चढते आणि मगच डबल बेल वाजते. आपल्या सार्वजनिक जीवनातली ही माणुसकी मला मनापासून आवडते. पण सिंगापूरला, ग्रीसला किंवा मुंबई-गोवा क्रूझला निघालेल्या नातेवाइकांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. हाच विश्वास घेऊन माणसं जहाजावर चढतात. "एवढे पैसे भरलेत, आम्हाला टाकून कसं जाईल?" असं अगदी सरळ मनाने विचारतात.

जहाज टाकून जातं, आणि ते कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. का जातं हे एकदा समजलं, की किनाऱ्यावरच्या दिवसाची आखणी वेगळी होते. म्हणून नेहमी कानावर येणारे काही गैरसमज इथे घेतले आहेत.

"जहाज पाचला सुटणार, म्हणजे पावणेपाचला पोचलं की झालं"

जहाजाला दोन वेळा असतात. एक सुटायची आणि दुसरी सर्वांनी जहाजावर परतलेलं असण्याची. दुसरीला सगळीकडे 'ऑल अबोर्ड' म्हणतात. ती साधारणपणे सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी एक तास आधीचीही. प्रवाशाच्या दृष्टीने तीच खरी वेळ. सुटायची वेळ खलाशांसाठी आहे. त्या मधल्या वेळात कोण आलं, कोण राहिलं याचा हिशोब होतो, गँगवे म्हणजे जहाजावर चढायचा जिना काढून घेतला जातो, बाजूचा दरवाजा बंद होतो आणि दोरखंड सोडायची तयारी सुरू होते. जिना एकदा निघाला, की धक्क्यावर उभं राहून हात हलवणाऱ्या माणसात आणि जहाजात चार हातांचं अंतर असलं तरी ते ओलांडता येत नाही.

हिशोब अंदाजाने होत नाही. उतरताना आणि चढताना प्रत्येकाचं कार्ड मशीनवर टेकवलं जातं, त्यामुळे कोण बाहेर आहे हे जहाजाला नावानिशी माहीत असतं. राहिलेल्यांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. "गर्दीत आमचं राहिल्याचं लक्षातच आलं नाही" असं सहसा घडत नाही. लक्षात येतं, आणि तरीही जहाज सुटतं.

"दहा मिनिटं थांबलं तर असं काय बिघडतं?"

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबू.

बंदरातून बाहेर पडताना कप्तान एकटा नसतो. त्या बंदराची खोली, प्रवाह, वाळूचे पट्टे ठाऊक असलेला स्थानिक पायलट जहाजावर येतो. त्याची वेळ आधी ठरवलेली असते आणि त्याच्यापुढे रांगेत दुसरी जहाजं असतात. टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या लहान बोटी, लागणार असतील तर त्यांचंही तसंच. धक्क्याची जागा ठरावीक तासांसाठी घेतलेली असते, तिथे पुढचं जहाज यायचं असतं. काही बंदरांत भरती-ओहोटीचं गणित असतं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. खाडीच्या तोंडाशी पाणी उतरलं, की होडीसुद्धा थांबते, मग आठ मीटर खोल बुडालेल्या जहाजाची काय कथा!

त्यात वेगाचा हिशोब येतो, आणि तो बहुतेकांना अनपेक्षित असतो. समजा, पुढचं बंदर २४० सागरी मैलांवर आहे आणि हातात १२ तास आहेत. ताशी २० सागरी मैल, म्हणजे २० नॉट वेग पुरतो. एक तास उशीर झाला तर तेच अंतर ११ तासांत, म्हणजे जवळपास २२ नॉटने कापावं लागतं. वाढ फक्त दोन नॉटची दिसते. पण पाण्यातून जाताना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिनांना जवळपास ३० टक्के जास्त जोर लावावा लागतो आणि त्या टप्प्यात जहाज ढकलायला लागणारं इंधन सुमारे एक पंचमांशाने वाढतं. तेवढा जोर शिल्लक नसेल तर पुढच्या बंदरात उशीर. तिथे हजारभर लोकांच्या सहली, बस, वाटाडे खोळंबतात.

कप्तान कधी थांबतच नाही, असं मात्र नाही. रस्त्यावर मोठा अपघात झालाय, बंदराला जाणारी वाट बंद आहे आणि सवड आहे, असं असेल तर थांबल्याची उदाहरणं आहेत. ते अधिकार त्याच्याकडे आहेत. पण आपल्यासाठी तो थांबेल की नाही, हे टॅक्सीत बसून आपल्याला कळायची सोय नसते.

"मोबाइलवरची वेळ कधी चुकत नाही"

मोबाइल चुकत नाही, पण तो दुसऱ्याच घड्याळाची वेळ सांगत असतो. आपल्या देशात द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत एकच घड्याळ चालतं, त्यामुळे जागा बदलली की वेळ बदलते ही सवयच आपल्याला नाही.

सिंगापूरहून निघणाऱ्या, पिनांग आणि फुकेतला जाणाऱ्या क्रूझ मराठी मंडळींच्या आवडीच्या. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे. थायलंड मात्र एक तास मागे. जहाजाने स्वतःचं घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवलं असेल आणि कागदावर 'साडेचारपर्यंत परत' असं छापलं असेल, तर फुकेतच्या किनाऱ्यावर स्थानिक नेटवर्क पकडलेला फोन त्या क्षणी साडेतीन दाखवतो. माणूस निवांत नारळपाणी पितो, आणि तिकडे शेवटची बोट निघून जाते.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी याहून चकवणारं ठिकाण म्हणजे मेक्सिकोचं कोझुमेल बेट. ते ज्या किंताना रू राज्यात येतं, त्याने २०१५ साली आपलं घड्याळ बदललं आणि उन्हाळ्यात वेळ पुढे सरकवणं बंद केलं. त्यामुळे फ्लोरिडाहून आलेलं जहाज घरचीच वेळ पाळत असेल, तर हिवाळ्यात बेटाची आणि जहाजाची वेळ जुळते आणि उन्हाळ्यात बेट एक तास मागे पडतं. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून आलेल्या जहाजाचं उलट. उन्हाळ्यात वेळ जुळते, हिवाळ्यात बेट तासभर पुढे. गेल्या डिसेंबरात फ्लोरिडाहून गेलेल्या मित्राने "काही फरक नसतो" असं सांगितलं, तर त्याचं खरं असूनही जूनमध्ये तुम्ही फसू शकता.

उपाय जुना आहे. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांधायचं आणि उतरताना ते जहाजातल्या घड्याळाशी जुळवायचं. स्मार्ट घड्याळ फोनच्या मागे जातं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही.

"जहाजाची सहल महाग, बाहेरची स्वस्त. फरक फक्त पैशांचा"

फरक जबाबदारीचा आहे. क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबतं. थांबणं शक्यच नसेल, तर त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोचवण्याचा खर्च कंपनी उचलते. जास्तीच्या पैशांत आपण ही हमी विकत घेतो. अट एकच, गटाबरोबर राहायचं. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही खरेदी करून येतो" म्हणत मधूनच वेगळे झालात, की हमी संपली.

पण म्हणून बाहेरचा वाटाड्या बेभरवशाचा, हेही खरं नाही. बंदरातल्या स्थानिक वाटाड्यांचं पोट वेळेवरच चालतं. त्यातले अनेक जण मोठ्या बसपेक्षा लवकर आणून सोडतात. त्यांच्या हातात नसतं ते जहाज.

माझा स्वतःचा नियम अंतराचा आहे. पिनांगला जॉर्जटाऊनमध्ये जहाज जवळपास शहराच्या उंबऱ्यावर लागतं. तिथे जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडावं, सहल घेऊ नये. पण कागदावर 'रोम' लिहिलेलं असतं तेव्हा जहाज रोमला नसतं. ते असतं चिवितावेक्कियाला, ७० किलोमीटरहून दूर. आगगाडीला साधारण तासभर लागतो, पुढे बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंत शटल बस घ्यावी लागते आणि इटलीत रेल्वेचे संप होतात. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, जाताना तीन तास आणि येताना तीन तास. अशा ठिकाणी, विशेषतः बरोबर वयस्क माणसं असतील तर, मी जहाजाचीच सहल घ्यायला सांगतो.

गोवा आपल्याला घरचं वाटतं, म्हणून तिथे सैलपणा जास्त. जहाज लागतं मुरगावला. पणजी तिथून सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट त्याच्याही पुढे. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून पूर्वीची ती कोंडी कमी झाली आहे. पण ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं फेस्त असतं, कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत मिरवणूक असते. त्या दिवशी ३० किलोमीटरला किती वेळ लागेल, हे गोंयकारसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही.

"जहाज समोर दिसतंय, म्हणजे पोचलोच"

सांतोरिनीला जहाज समोर दिसतं खरं, पण खूप खाली. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटी प्रवाशांना ने-आण करतात. फिरा गाव उंच कड्यावर. खाली यायला रोपवे, नाहीतर सुमारे ६०० पायऱ्या, ज्यावरून गाढवंही चालतात. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली, की संध्याकाळी रोपवेची रांग गल्लीभर पसरते. अशा बंदरात शेवटच्या लहान बोटीची वेळ ही आपली वेळ, आणि रांग त्यातून वजा करायची. गुडघे दुखणाऱ्यांनी तर दुपारच्या जेवणानंतर लगेच खाली यावं.

"राहिलो तर राहिलो, पुढच्या बंदरात गाठू"

२७ मार्च २०२४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' जहाजाचे आठ प्रवासी मागे राहिले. सहा अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन. सहल खाजगी होती आणि परतायला उशीर झाला. ते आले तेव्हा जहाज नांगरलेलंच होतं. तटरक्षकांनी त्यांना बोटीने जहाजाजवळ नेलं, तरी वर घेतलं गेलं नाही. त्यांचे पासपोर्ट जहाजावरून काढून स्थानिक एजंटाकडे दिलेले होते. मग अनेक देशांतून मजल दरमजल करत काही जण गाम्बियातल्या बांजुलला पोचले, तर हवामान आणि ओहोटीमुळे जहाज तिथे लागूच शकलं नाही. अखेर २ एप्रिलला सेनेगलमधल्या डकारला त्यांनी जहाज गाठलं.

ही हकिगत वाचताना माझ्या मनात एकच विचार येत राहिला. या आठांच्या हातात आपला निळा पासपोर्ट असता तर? अमेरिकन पासपोर्टवर ज्या सीमा सहज ओलांडता येतात, तिथे आपल्याला आधी व्हिसा काढावा लागतो. जहाजावर असेपर्यंत हे जाणवत नाही, कारण क्रूझच्या प्रवाशांना दिवसापुरतं उतरण्याची सवलत अनेक बंदरांत असते. जहाज गेलं, की ती सवलतही गेली. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि जहाज मध्ये तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबत असेल, तर तिथे मागे राहिलेल्याला ग्रीसमध्ये परतणं अवघड. पिनांगला राहिलात तर सिंगापूरच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, हे निघण्याआधीच पाहिलेलं असावं. पासपोर्टच हाती आला नाही, तर भारतीय वकिलात इमर्जन्सी सर्टिफिकेट देते. पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, जहाज गाठायला त्याचा उपयोग नाही.

विम्यावरही फार विसंबू नये. विमान रद्द झालं, गाडी बंद पडली, आणि त्याचा कागद हाती आहे, अशा उशिराला पॉलिसीत जागा असू शकते. बाजारात वेळ कसा गेला कळलं नाही, याला सहसा नसते.

राहिलातच, तर

धक्क्यावर धावाधाव करू नका. स्थानिक पोर्ट एजंटला शोधा. प्रत्येक जहाजाचा प्रत्येक बंदरात असा एजंट असतो. त्याचं नाव आणि फोन नंबर रोज केबिनमध्ये येणाऱ्या किंवा ॲपवर दिसणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत दिलेला असतो. उतरण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. प्रवासी आला नाही, तर जहाजावरची माणसं बहुतेक वेळा त्याच्या केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि तो या एजंटाकडे सोपवतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची झेरॉक्स तरीही अंगावर असू द्या, आणि एक आंतरराष्ट्रीय कार्डही.

आणि आई-वडिलांना घेऊन उतरत असाल, तर बाहेर पडताना त्यांच्या पिशवीत हात घालून पाहा. रक्तदाबाच्या, साखरेच्या दोन दिवस पुरतील एवढ्या गोळ्या तिथे हव्यात. एजंटाच्या टेबलावर पासपोर्ट येऊन पडतो. गोळ्यांचा डबा केबिनच्या ड्रॉवरमध्ये राहतो आणि जहाजाबरोबर पुढच्या बंदरात जातो.