फीत-यंत्र आणि त्याचा दुभाषी

सर्व्हर या मुख्य संगणकावरील माहितीची दुसरी प्रत चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याची पद्धत जुनी असली, तरी ती आजही रूढ आहे. सन २०११ च्या फेब्रुवारीत आज्ञावलीतील एका दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. ती अशा फितींवरूनच परत मिळविण्यात आली. फिती संगणकापासून अलग ठेवलेल्या असल्यामुळे दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

फितीवर लिहिणारे यंत्र व सर्व्हर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. सर्व्हरची कार्यप्रणाली बदलली व ड्रायव्हर जुनाच राहिला, तर धडधाकट यंत्रही पुष्कळदा निरुपयोगी ठरते. अशा वेळी तपास पायरीपायरीने करावा. प्रथम वीजपुरवठा व केबल पाहावी. नंतर, ज्या कार्डाला यंत्र जोडले आहे त्या कार्डास ते दिसते काय, हे पाहावे. तेथेच दिसत नसेल, तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. दिसत असेल, तर निर्मात्याने त्याच प्रणालीसाठी दिलेला ड्रायव्हर बसवावा.

ड्रायव्हर सुरळीत असूनही चूक घडू शकते. लिनक्स प्रणालीत एकाच यंत्रास दोन नावे असतात. ‘एसटी०’ या नावाने काम केल्यास शेवटी फीत आपोआप आरंभापर्यंत गुंडाळली जाते. ‘एनएसटी०’ या नावाने ती जागच्या जागी थांबते. पहिल्या नावाने लागोपाठ दोन प्रती घेतल्यास दुसरी प्रत पहिलीवरच लिहिली जाते.

म्हणून अखेरीस फितीवरील माहिती परत उतरवून मुळाशी ताडून पाहावी. तसे केल्यावाचून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.