दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

डुकराच्या पिल्लांचं दूध तोडलं की आठवडाभरात हगवण लागते, हे वराहपालन करणाऱ्या कुणालाही विचारा. दूध चालू असतं तेव्हा त्यातल्या साखरेपासून पोटातले जंतू लॅक्टिक आम्ल करतात आणि जठर आंबट राहतं. दूध बंद झालं की हा आधार जातो. पिल्लाला स्वतःचं पुरेसं आम्ल करता यायला अजून वेळ असतो, आणि नेमकी तेव्हाच समोर मक्याची भरड आणि सोयाबीन पेंड येते. प्रथिनं अर्धवट पचतात, उरलेल्यावर ई-कोलाय पोसतात. 'ग्रोथ' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपैकी बऱ्याच खरं तर या पंधरा दिवसांसाठी असतात.

शिरूर तालुक्यातल्या एका शेडवर हे खाद्य कालवताना पाहिलं. शेड सांभाळणाऱ्या ताई एका वेळी शंभर किलोचा घाणा करतात. त्यात आंबट वासाची पांढरी पावडर, सायट्रिक आणि फ्युमॅरिक आम्लांचं मिश्रण, अर्धा किलो जाते. हे सोपं. अवघड असतं ते फायटेज. मका-पेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो सोडवणारं एंझाइम डुकराच्या पोटात पुरेसं नसतं, म्हणून ते बाहेरून द्यायचं. त्यांच्या पाकिटाच्या ताकदीप्रमाणे टनाला 100 ग्रॅम, म्हणजे या घाण्याला फक्त 10 ग्रॅम.

ताईंनी छोट्या डिजिटल काट्यावर कागद ठेवून ते मोजलं. ढिगावर भुरभुरलं नाही. आधी मूठभर मक्याच्या पिठात चोळलं, ते पीठ घमेल्यातल्या किलोभर कोंड्यात, मग तो कोंडा दहा किलो भरडीत. तेवढी भरड ढिगावर पसरल्यावर गडीमामांनी फावड्याने ढीग या बाजूचा त्या बाजूला केला, परत फिरवला, पुन्हा केला. मामा थांबले तसं ताई म्हणाल्या, "मामा, अजून एकदा. नाहीतर एकाच पिल्लाच्या वाट्याला सगळं जाईल." माझ्या मते या धंद्यात पुडीपेक्षा फावड्याला किंमत जास्त आहे.

चुनखडीची भुकटी मात्र त्यांनी नेहमीपेक्षा कमी घातली. हाडांसाठी कॅल्शियम लागतंच, पण चुनखडी आम्ल मारते. एका हाताने आंबट पावडर घालायची आणि दुसऱ्या हाताने चुना, हा उद्योग अनेक शेडवर चालतो आणि दोष मात्र पावडरीला लागतो. तशीच दुसरी गंमत हॉटेलचं उरलंसुरलं शिजवून घालणाऱ्यांची. रोग टाळायचा तर ते उकळायलाच हवं. पण फायटेज आणि काही पुड्यांतलं जिवंत यीस्ट उकळत्या कढईत टाकलं की दोन्ही संपली. खाद्य कोमट झाल्यावर घालावं, एवढं पाकीट विकणाऱ्याने सांगायला काय हरकत आहे?

पूर्वी या सगळ्याला एकच उत्तर होतं, अँटिबायोटिक. 1950च्या सुमाराला अमेरिकेत दिसलं की थोड्या मात्रेने जनावरं लवकर वाढतात, आणि जगभर ते खाद्यात गेलं. जंतू निगरगट्ट होऊ लागले. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा हा वापर थांबवला, युरोपीय संघाने 2006 पासून. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली. अँटिबायोटिकच्या जागी झिंक ऑक्साइडचा जोर आला. पिल्लाची गरज किलो खाद्यामागे जेमतेम 100 मिलिग्रॅम झिंकची, हगवणीसाठी घालायचे 2500. हगवण थांबते, पण बहुतेक झिंक शेणातून शेतात उतरतं. युरोपात 2022च्या जूनपासून तेही बंद.

आमचं बोलणं चालू असताना एक विक्रेता 'वजन वाढवणारं' टॉनिक घेऊन आला. बाटलीवर गुबगुबीत डुक्कर होतं, आत काय आहे ते कुठेच नव्हतं. "दादा, मागं काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा," ताई म्हणाल्या. त्याने बाटली फिरवून पाहिली आणि पिशवीत ठेवली.

पंधरा दिवसांनी आम्लाचं पोतं बांधून ठेवायचं, कारण मोठ्या डुकराचं पोट स्वतःच पुरेसं आंबट असतं. तिथून पुढे तो खर्च वायाच. फायटेज विक्रीपर्यंत चालू राहतं. त्याच्यामुळे महागडी डायकॅल्शियम फॉस्फेट पावडर कमी लागते, आणि ताईंच्या वहीत बचत दिसते ती त्याच रकान्यात.