इंजिनीअरिंग डिझाइन म्हणजे नेमकं काय? खंबाटकीच्या ‘एस’ वळणावरून समजून घ्या

साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की खंडाळ्याच्या बाजूला उतार आणि ‘एस’ आकाराचं वळण लागतं. एप्रिल २०१८ मध्ये इथे मजुरांचा टेम्पो उलटून १८ जणांचा जीव गेला. ‘ड्रायव्हरची चूक’ म्हणून विषय संपवता येतो. इंजिनीअरचं काम मात्र तिथून सुरू होतं.

१. प्रश्न नीट मांडा: ‘गाड्या जोरात येतात’ एवढं पुरेसं नाही. उतारावर वेग वाढलेला असतानाच गाडीला लागोपाठ दोन उलट वळणं घ्यावी लागतात, हा खरा प्रश्न.

२. कारण शोधा: वेग दुप्पट झाला की त्याच वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवायला चौपट बल लागतं. उंच भरलेली गाडी तर लवकर कलंडते.

३. पर्याय तोला: फलक आणि रम्बलर स्वस्त, लगेच होणारे, पण वळण तसंच राहतं. नवा मार्ग महाग आणि वेळखाऊ. पण वळणच टळतं. खंबाटकीसाठी दुसरा पर्याय निवडला गेला: प्रत्येकी ३ लेनचे २ नवे बोगदे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार प्रकल्पाची लांबी ६.४३ किमी, खर्च सुमारे ९२६ कोटी रुपये.

४. तपासा, सुधारा: नवा रस्ता झाला म्हणजे काम संपत नाही. अपघात खरंच घटले का, हे मोजावं लागतं. नाही घटले, तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

कॉलेजचा प्रोजेक्ट करताय? आधी ‘काय बनवू?’ विचारू नका. ‘कुणाची, कोणती अडचण?’ हे एका वाक्यात लिहा.